उसवलेली शिवण

ही ऐकीव गोष्ट नाही. घडलेली आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण पुनमच्या तोंडावर हसून दाखवा, मग बोलू.

पुनम माझी मावसबहीण. चोपड्याला दिलेली. मायक्रोबायोलॉजी शिकली, त्यामुळे जंतू आणि लेकरू या दोन गोष्टींवर तिचा डोळा कायम. नवरा स्वप्नील मंडपवाला. गेल्या वर्षी त्याने धुळ्याहून एक जुनं जंपिंग आणलं. जंपिंग म्हणजे वाढदिवसाला, यात्रेत असतं ना, हवेने फुगवलेलं रेक्झिनचं घर, पोरं आत उड्या मारतात, ते. मागे ब्लोअर घरघरत असतो. ब्लोअर चालू तोवर घर उभं. बंद केला की बघता बघता सगळं जमिनीवर.

म्हणून पुनमचा एक नियम होता. दारापुढच्या सगळ्या चपला गेल्याशिवाय ब्लोअर बंद करायचा नाही. बाहेर चप्पल, म्हणजे आत पोर.

आणि एक सवय होती. बंद करण्याआधी आत डोकं घालून ओरडायची, "चला रे, सगळे घरी चला!" आत कुणी नसलं तरी.

ती सवयच नडली.

यंदाच्या मे महिन्यात फैजपूरला, केळीच्या बागेला लागून, एका जावळाचा कार्यक्रम होता. संध्याकाळी पोरं पांगली, चपला गेल्या. पुनमने रिकाम्या जंपिंगमध्ये नेहमीसारखी हाक दिली. मग ते गुंडाळून टेम्पोत टाकलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने हे सहज सांगितलं. सासूचा, म्हणजे कोकिळाअक्कांचा, घास हातातच राहिला.

"काय वं, मोकया जागामा 'सगळा चला' म्हननी तू? नाव लेवानं! एकेक पोरनं नाव!"

"अक्का, गावभरच्या पोरांची नावं मी कुठून आणू?"

"मंग चूप ऱ्हावानं. ज्याले बोलावं ते येस."

स्वप्नील हसला. "येऊ दे ना अक्का. तिकीट काढीसन उडी मारी ते!"

तो खुर्च्या आणायला जळगावला निघून गेला. अक्का चार वर्षांच्या मेघाला घेऊन आडव्या झाल्या. पुनमने अंगणात जंपिंग फुगवलं आणि धुवायला घेतलं. ओलं राहिलं की बुरशी धरते, म्हणून भर दुपारच बरी.

गल्लीत कुत्रंही नव्हतं. नुसती ब्लोअरची घरघर.

तिने आतल्या कोपऱ्यांतून क्लिपा काढल्या, शेवेचा चुरा झाडला, मऊ ब्रशने साबण फिरवला. मग शिवणींवर फेस लावत गेली. हवा जिथून निसटते तिथे बुडबुडे येतात. तिथे पट्टी चिकटवायची, की झालं.

मागच्या कोपऱ्यातल्या शिवणीवर एक बुडबुडा फुगला...

आणि आत ओढला गेला.

पुन्हा फुगला... पुन्हा आत गेला.

ब्लोअर शिवणीतून हवा बाहेर ढकलतो. आत ओढत नाही.

पुनमने शिवणीवर तळहात ठेवला. उन्हाने सगळं रेक्झिन चटके देत होतं. तेवढी जागा गार होती.

'ऊन लागलंय मला,' असं म्हणून ती बाहेर आली. ब्लोअर बंद करायला वाकली, आणि थांबली.

दारापुढे चपला होत्या.

निळ्या. लहान मुलाच्या. एकीचा तुटलेला पट्टा तारेने बांधलेला.

"कोण आहे रे आत?"

वाकून पाहिलं. आत कुणी नाही. शेजारचं कुणी विसरून गेलं असेल. तिने त्या चपला उचलून ओट्यावर ठेवल्या, आणि सुकं फडकं आणायला घरात गेली.

परत आली तर चपला पुन्हा दारापुढे.

आणि त्यांच्या शेजारी, नीट जोडून ठेवलेल्या... मेघाच्या गुलाबी.

आतून हसण्याचा आवाज आला. एक मेघाचा.

दुसरा मेघाचा नव्हता.

तेवढ्यात लाइट गेली.

ब्लोअर गप्प झाला. इतकी शांतता, की छपराचं रेक्झिन खाली बसताना सुस्कारतंय ते ऐकू येत होतं.

पुनम कशी आत घुसली ते तिलाही सांगता येत नाही. वरून तापलेलं छप्पर पाठीवर येत होतं, खाली साबणाने हात घसरत होते. ती रांगत राहिली. मेघाचा पाय हाताला लागला. तिने ओढला.

पलीकडूनही कुणीतरी ओढलं.

"मम्मी, तो हात सोडत नाहीये..."

"कोण?"

"निळ्या चपलावाला."

आता सांगते, पुनम मुळात भित्री. झोपण्याआधी गॅस पुन्हा पुन्हा बघणारी, पोरीला शिंक आली तरी डॉक्टरला फोन लावणारी. पण त्या अंधारात पोरीचा पाय हातात आला, आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. ती म्हणते, मला नुसता राग आला होता.

"ऐक रे! तुला मी बोलावलं, माझं चुकलं. पण ही माझी आहे. सोड!"

ओढ वाढली.

बाहेरून अक्कांचा आवाज फाटला. "नाव ले वं! तिना एकलीनं नाव ले!"

"मेघा!" पुनम किंचाळली. "मेघा स्वप्नील पाटील! तू एकटी! चल घरी!"

ओढ सुटली.

दोघी बाहेर येऊन पडल्या. मागे सगळं जंपिंग सपाट झालं होतं.

फक्त तो मागचा कोपरा उभा होता. लहान मुलाच्या उंचीचा.

मग तोही हळूहळू बसला... गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं, तसा.

दारापुढे मेघाच्याच चपला होत्या. निळ्या नव्हत्या. मेघाचं मनगट रात्रीपर्यंत गार होतं.

जाळून टाका, तापीत सोडा, लोक सांगून थकले. स्वप्नील तर गिऱ्हाईक घेऊनच आला. पुनमने त्याला दारातूनच परत पाठवलं.

"विकू? म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोराचा हात त्याच्या हातात देऊ? मी बोलावलंय. मीच राखीन."

आता ते जंपिंग भाड्याने जात नाही. पण पुनम ते दर महिन्याला काढते. धुते, वाळवते, उंदीर लागू देत नाही. जाळलं किंवा कुजून फाटलं, तर आतला मोकळा होईल, असं तिचं म्हणणं. बाकी सगळ्या भोकांना पट्ट्या मारल्यात. ती एक शिवण तेवढी पट्टीविना ठेवली आहे.

"श्वास घेण्याइतकी जागा," ती म्हणते. "बाहेर येण्याइतकी नाही."

परवा मी चोपड्याला गेले होते. माझ्या मुलाला मुद्दाम घरीच ठेवून. पुनम अंगणात फुगवलेल्या जंपिंगमध्ये बसून, फेस लावून तीच शिवण न्याहाळत होती. मागच्या वेळी तिथून सुई गेली नसती. आता माझी करंगळी सहज आत गेली असती. दोरे आतून ताणून तोडल्यासारखे दिसत होते.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दिसतंय मला."

तिने सुईत जाड दोरा ओवला. बोटांना सगळीकडे चिकटपट्ट्या होत्या.

"तो उसवतो, मी शिवते. बघू कोण आधी थकतं."

फेसाचा बुडबुडा फुगला... आणि आत गेला.

पुनमने टाका घातला.