लाल मुठीची दोरी

तराफ्याचा आराखडा पायरीवर पसरलेला होता आणि ओटिस त्यावर चौथं पिंप काढत होता, तेव्हा त्याची बहीण मार्नी कुंपणापलीकडून परतली. तिचा चेहरा पाहूनच शेजारी बसलेल्या त्यांच्या मैत्रिणीने, लूपेने, आपली पेन्सिल खाली ठेवली.

"तराफा राहू दे," मार्नी म्हणाली. "शनिवारी गॉर्डन येतोय. मिसेस ब्रेक्केंच्या गाडीच्या चाव्या काढून घ्यायला."

शेजारच्या मिसेस ब्रेक्केंचं वय अठ्ठ्याहत्तर. पती एल्मर ब्रेक्के वारल्यापासून त्या एकट्याच राहत. त्यांच्या त्या गावात चाव्या जाणं म्हणजे काय, हे मुलांना सांगावं लागत नव्हतं. किराणा सहा मैलांवर, चर्च चार मैलांवर आणि बस कुठेच नाही. गाडी गेली की घरही जाणार, हे ओटिसलासुद्धा कळत होतं, आणि तो अवघा नऊ वर्षांचा होता.

गॉर्डन हा मिसेस ब्रेक्केंचा भाचा. नुकत्याच झालेल्या वादळानंतरच्या आठवड्यात त्याला शेजाऱ्यांचे तीन फोन गेले होते: आत्याबाई बाहेर गेल्या आहेत आणि गॅरेजचं दार सताड उघडं आहे. आज दार विसरतात, उद्या गॅस विसरतील, असा त्याचा हिशेब होता. पण त्यापेक्षाही एक वेगळीच गोष्ट मार्नीच्या मनात सलत होती. मिसेस ब्रेक्केंनी तो हिशेब मान्य केला होता. रोज सकाळी दार उघडं दिसतं, त्या अर्थी रात्री आपणच लावायचं विसरत असू, असं त्या खाली मान घालून म्हणाल्या होत्या.

"त्या विसरत नाहीत," मार्नी म्हणाली. "माझा वाढदिवस, ओटिसचा पडलेला दात, सगळं त्यांच्या लक्षात असतं. मी हे मानणार नाही."

"तू न मानल्याने गॉर्डन थांबणार आहे होय?" लूपेने विचारलं. ती सीमेपलीकडून इथे आलेल्या कुटुंबातली, मोजकं बोलणारी मुलगी. पण बोलली की मुद्द्याचंच बोलायची.

"नाही. म्हणून पुरावा हवा."

गुरुवारी दुपारी तिघं रस्त्यापलीकडच्या लायलॅकच्या झुडपामागे दबा धरून बसली. बरोब्बर दोन वाजता मिसेस ब्रेक्केंची निळी गाडी मागे मागे येत गॅरेजबाहेर पडली. त्यांचा हात डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेला अडकवलेल्या, दाराच्या रिमोटकडे गेला. अंगठा दाबला गेला. आत मोटर घरघरली, छताचा दिवा लागला. त्या गावातला प्रत्येक जण करतो तेच त्यांनी केलं: आवाज ऐकला, गाडी वळवली आणि मागे न पाहता निघून गेल्या.

घरघर थांबली. दार मात्र वर होतं तिथेच होतं.

"मोटर चालली आणि दार नाही," ओटिस कुजबुजला. "म्हणजे दार संपावर गेलंय."

"दार नाही रे," मार्नी सावकाश म्हणाली. "दोघांमधलं काहीतरी तुटलंय."

मिसेस ब्रेक्के परत आल्यावर मुलांनी त्यांना सगळं सांगितलं आणि आत यायची परवानगी मागितली. त्यांनी रुबार्बचा केक कापता कापता ती दिली, पण आशा न ठेवता. गॅरेजमध्ये मार्नीने मान वर केली. छताखालच्या लांब पट्टीवर साखळी होती आणि साखळीबरोबर मागेपुढे धावणारा लोखंडी ठोकळा होता. दाराचा वाकडा दांडा त्या ठोकळ्यात अडकलेला असायला हवा होता. तो चांगला हातभर दूर, रिकामाच राहिला होता. ठोकळ्याची लाल मुठीची दोरी मोटरच्या बाजूला ओढून पट्टीभोवती दोन सैल वेढ्यांनी गुंडाळलेली होती.

मिसेस ब्रेक्केंची उंची जेमतेम पाच फूट. दोरीपर्यंत त्यांचा हात पोचलाच नसता.

आणि भिंतीशी, तेलकट फरशीवर, एक लख्ख चौकोन होता. तिथे जनरेटर असायचा. त्याच्या चाकांच्या खुणा थेट दारापर्यंत गेल्या होत्या.

"तो मी कुणाला तरी दिला असेन," मिसेस ब्रेक्के पुटपुटल्या. "चार दिवस वीज नव्हती, मी चर्चच्या दालनात मुक्कामाला होते. दिला असेन आणि विसरले असेन."

न केलेल्या विसराळूपणाचा दोषही या बाई स्वतःच्या माथी घेत होत्या! दोरी सोडवायला मार्नी तडक कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळली, पण लूपेने तिचा दंड धरला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एल्मर ब्रेक्केंच्या टोकदार अक्षरांत, पेन्सिलीने लिहिलं होतं:

*दार खाली असल्याशिवाय दोरीला हात नाही. स्प्रिंग तुटली असेल तर मुळीच नाही, कारागीर बोलाव. मोटरकडे ओढली की दार सुटून राहतं. दाराकडे ओढली की जुळायला तयार.*

"मोठं माणूस हवं," लूपे म्हणाली. "आणि शनिवारपर्यंत हे असंच राहायला हवं. आपण जुळवून टाकलं तर गॉर्डन म्हणेल, इथे काही बिघडलंच नव्हतं."

मार्नीला थांबणं जड गेलं, पण लूपेचं म्हणणं खरं होतं. दार जिथे होतं तिथेच ठेवून त्यांनी उंबऱ्यापाशी दोन खुर्च्या ठेवून त्यांना दोरखंड आडवा बांधला, म्हणजे कुणी त्याखालून जाऊ नये. मिसेस ब्रेक्केंनी गाडी बाहेरच उभी केली. घराकडे परतताना लूपे अचानक थबकली. वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी या घरापुढे आपण एक पिकअप पाहिली होती, असं तिने दोघांना सांगितलं. हिरवी.

शनिवारी हिरवी पिकअप दारात थांबली. गॉर्डन उंच, घाईत असलेला, आणि मुलांना पाहताच कपाळाला आठी घालणारा. त्याने पहिलंच बोट उघड्या दाराकडे दाखवलं.

"बघितलंस, आत्या? आजही."

"मिस्टर गॉर्डन," मार्नी मध्येच अगदी गोड आवाजात म्हणाली, "वादळात तुमच्या फ्रीझरमधलं हरणाचं मांस वाचलं का हो? आमचं सगळं वितळलं."

"एक तुकडा नाही वितळला," तो अभिमानाने म्हणाला. "माझ्याकडे जनरेटर..."

तो थांबला. मिसेस ब्रेक्के त्या लख्ख चौकोनाकडे पाहत होत्या. मग त्यांनी भाच्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांची मान ताठ झाली.

"माझा जनरेटर, गॉर्डन?"

तो परत देणारच होतो, सांगायचं राहून गेलं, वीज नव्हती म्हणून दोरी ओढून दार हाताने उचलावं लागलं, ते तसंच वर राहिलं, डोक्याला लागू नये म्हणून दोरी गुंडाळून ठेवली, असं सगळं त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडलं. लाजेने त्याचे कान लाल झाले होते. "त्यात काय एवढं? आत्ता जोडून टाकतो," म्हणत तो आत घुसला आणि त्याने दोरीकडे हात उंचावला.

मार्नी त्याच्यासमोर उभी राहिली.

"नाही."

"बाजूला हो, पोरी."

"नाही होणार. दार वर आहे. असंच खाली सुटलं तर कुणाच्या पायावर पडेल ते तुम्ही सांगू शकता? भिंतीवरचं आधी वाचा."

गॉर्डनने आत्याकडे पाहिलं. आत्याने फक्त भिंतीकडे हात केला. त्याने वाचलं. ते अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. याच गॅरेजात एल्मरमामांनी त्याला सायकल दुरुस्त करायला शिकवलं होतं. त्याचा हात खाली आला.

"बरं," तो हळू आवाजात म्हणाला. "सांग क्रमाने."

मार्नीने सांगितलं आणि त्याने केलं. आधी बॅटरीच्या उजेडात स्प्रिंगचे वेढे हात न लावता तपासले. कुठे फट नव्हती. खुर्च्या बाजूला झाल्या, सगळे दारापासून दूर सरले. दांडे जुळतात त्या सांध्यांत बोटं न घालता, मुठीला धरून, त्याने दार अलगद जमिनीला टेकवलं. दार जड लागलं नाही, म्हणजे स्प्रिंग धड आहे, हे त्याने आपण होऊनच सांगितलं. मग दोरीचे वेढे सोडवले आणि ती दाराच्या दिशेने ओढली. भिंतीवरचं बटण मिसेस ब्रेक्केंनी दाबलं.

ठोकळा घरघरत पुढे आला. खट्.

मिसेस ब्रेक्केंनी पुन्हा बटण दाबलं आणि दार उठलं, जसं काही झालंच नव्हतं. ओटिसने परीक्षेसाठी उंबऱ्यावर एक फळी आडवी ठेवली. खाली येणारं दार फळीला टेकताच आपोआप वर फिरलं. तो फळीपुढे वाकून म्हणाला, "संप मिटला."

गॉर्डन हसला नाही. त्याने पिकअपच्या मागची ताडपत्री काढून जनरेटर उतरवला आणि चौकोनावर परत ठेवला. मग म्हणाला, "आत्या, चुकलं माझं. चाव्यांचं राहू दे."

"ते मी ठरवेन," मिसेस ब्रेक्के म्हणाल्या. "आणि माझं विसरणं मोजायला येशील, तेव्हा तुझंही मोजत जा." मग त्या मार्नीकडे वळल्या. "बाळ, आठवडाभर मी माझ्याच डोक्यावर विश्वास ठेवत नव्हते. तू ठेवलास. आणि लूपे, तू हिला स्टुलावर चढण्याआधी अडवलं नसतंस तर आज मी हिच्याजवळ दवाखान्यात बसले असते. एल्मरने तुम्हा तिघांना हत्यारपेटी उघडू दिली असती, आणि तो ती कुणालाच उघडू देत नसे."

दुपारी तिघं निळ्या गाडीत बसली. टपावर एल्मरच्या जुन्या ट्रकच्या चार हवा भरलेल्या ट्यूब बांधलेल्या होत्या. पिंपांपेक्षा त्या चांगल्या तरंगतात, असं मिसेस ब्रेक्केंचं मत पडलं होतं. गाडी मागे मागे रस्त्यावर आली. अंगठा दाबला गेला. मोटर घरघरली.

पण या वेळी गाडी निघाली नाही. मिसेस ब्रेक्के दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पाहत राहिल्या, दाराची खालची कड फरशीला टेकेपर्यंत.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं," तिघं म्हणाली, आणि गाडी नदीकडे वळली.