मुकी लाइन

श्रीमंतराव, चार्ज-रिपोर्टवर सही करण्याआधी जरा बसा. यादी तुम्ही तपासलीत, ती बरोबर आहे. तारीख-शिक्के तीन, तराजू एक, लोखंडी पेटी एक. फक्त तारेच्या टेबलावर, ठोके वाजवणाऱ्या साउंडरच्या मागं, तो सिगारेटचा पत्र्याचा डबा खोचलेला आहे ना, तो यादीत नाही. तो माझा. त्यानं आवाज मोठा येतो म्हणून अकरा वर्षांपूर्वी लावला होता. आता तिथून काढायची हिंमत होत नाही, तेव्हा राहू द्या तुम्हाला.

मघाशी लाइन तपासायला मी चार शब्द ठोकले, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "रंगनाथराव, तुमचा शेवटचा आखूड ठोका, तो कट्ट, फार घाईचा पडतो." बरोबर ओळखलंत. तुमचे कान चांगले आहेत. अकरा वर्षं या लाइनवर मला सगळ्यांनी त्यावरूनच ओळखलं. माणसाची सही बदलेल, पण तार ठोकायचा हात बदलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

चारच्या एस.टी.ला अजून वेळ आहे. तुम्हाला वाटतंय मी नगरला निघालोय, पण मी खर्ड्याकडच्या गाडीत बसणार आहे, मुसळदऱ्याला. का, ते सांगतो. माझ्या जागी तुम्ही बसणार, म्हणजे ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

ही एकच तार, तिच्यावर आमची चार ऑफिसं. डोक्याला हे तालुक्याचं, मग सहादेवचं, मग आप्पासाहेबांचं, आणि शेवटी, जिथं डांबरी रस्ता संपतो तिथं, मुसळदरा. तिथं सत्तार. एकानं ठोकलं की चौघांच्या टेबलावर वाजायचं, कुणाचं काही झाकलेलं नाही. सकाळच्या तारा उरकल्या की दुपारी आमचा फड जमायचा. आप्पासाहेबांचे दात, सहादेवच्या सासूबाई, माझी टोपी, कशावरही चालायचं. हसायचं झालं तर कट्ट-कट्ट-कट्ट, नुसतं खडखडत राहायचं. दुष्काळात सत्तार रोज विचारायचा, "रंगू, तुमच्याकडं ढग आलाय का? आला असला तर तारेनं पाठव. जवाबी तार कर, आमच्याकडून धूळ पाठवतो."

अकरा वर्षं, श्रीमंतराव. आणि आम्ही चौघांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती. रजा मिळायची नाही, मिळाली तर ज्याच्या त्याच्या गावाला. पण सत्तारचा हात मी झोपेतसुद्धा ओळखला असता. सावकाश, गोल, पान चघळत बोलल्यासारखा. आणि बेट्याला एक विद्या होती, कुणाच्याही हाताची हुबेहूब नक्कल करायचा.

तिच्यावरूनच सगळं झालं. गेल्या वैशाखात, त्र्याहत्तरच्या, त्यानं एकदा आप्पासाहेबांच्या हातानं मला कळवलं, की इन्स्पेक्टर साहेब तुमच्याकडं निघालेत. मी ऑफिस झाडून घेतलं, कोट चढवला, त्या उन्हाळ्यात कुठून कुठून हार मिळवला आणि संध्याकाळपर्यंत दारात उभा राहिलो. साडेपाचला साउंडर हसायला लागला. तिघंही हसत होते. मला राग आला, लपवत नाही. मी फार मानी माणूस.

आमच्यात एक खेळ होता, लाइन मुकी करायची. तिघांनी ठरवायचं आणि चौथ्यानं कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. मग तो बिचारा बॅटऱ्या बघतो, तारा आवळतो, खांबापर्यंत उन्हात जाऊन येतो. दहा मिनिटांनी सगळ्यांनी मिळून हसायचं. आता लाइनवर ठरवलं तर सत्तारला ऐकू जाणार, म्हणून मी दोघांना टपालाच्या थैलीतून चिठ्ठ्या पाठवल्या. "गुरुवारी तीन वाजता मुसळदरा मुका." चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी सत्तारची हाक आली. माझ्याच ऑफिसला, आमच्या टी एल या खुणेनं. टी एल, टी एल, टी एल. मी खुर्चीत रेलून बसलो आणि गालातल्या गालात हसलो. दोन मिनिटं थांबून त्यानं सहादेवला हाक मारली, मग आप्पासाहेबांना, मग पुन्हा मला. नुसती हाक. तुम्हाला नियम ठाऊक आहे, समोरून 'बोल' आल्याशिवाय मजकूर ठोकायचा नाही, ऐकणारा कुणी नसतो. सत्तार एरवी कितीही चेष्टेखोर, पण कामाला पक्का होता.

त्याचा हात मात्र बदलला होता. लांब ठोके, ते कड, आणखी लांबत होते. दोन अक्षरांच्या मधे भलतीच जागा पडत होती... हे मला कळलं, श्रीमंतराव. तेव्हाच कळलं. आणि मी स्वतःला म्हटलं, बेटा नाटक करतोय, आता आजारी माणसाच्या हाताची नक्कल चाललीय.

तेवढ्यात सहादेवनं तार ठोकायची की दाबली. एकच कड. तो मऊ मनाचा, ओ द्यायला निघाला होता. खेळ मोडणार म्हणून मी झटकन माझी की ओढली आणि त्याला खूण केली. 'थांब'ची. कट्ट-कड-कट्ट-कट्ट-कट्ट. खाली सही नाही, काही नाही.

सहादेव थांबला.

सत्तारही थांबला. 'थांब' आल्यावर कुणी हाक मारत नाही. समोरचा दुसऱ्या कामात आहे, मोकळा झाला की आपणहून बोल म्हणेल, असा त्याचा अर्थ. मला वाटलं, तो पुन्हा हाक मारेल तेव्हा हसू. तो मारेना. मी म्हटलं, कोण आधी तोंड उघडतो बघू. त्या खिडकीतून कडुलिंब दिसतोय ना, त्याच्या सावलीत सरकारी दवाखान्याची जीप उभी होती. ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपला होता. त्याचे पाय बाहेर आले होते, ते पाय मी बघत बसलो होतो.

चार वाजता आम्ही तिघांनी मिळून हसू पाठवलं. पलीकडून काही आलं नाही. आप्पासाहेबांनी ठोकलं, "सत्तारमियाँ रुसले."

संध्याकाळच्या गाडीचा कंडक्टर आला, त्यानं सांगितलं. मुसळदऱ्याच्या मास्तरनं पत्रपेटी उघडली, उन्हाचा आत नाग येऊन बसला होता. पावणेतीनला चावला. साडेपाचला मास्तर गेला. मुसळदरा इथून जीपनं पाऊण तास, श्रीमंतराव. लस दवाखान्यात होती, ते मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. विचारायला नको होतं.

माती द्यायला आम्ही तिघं गेलो. सत्तारचं तोंड मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. मला तो जाडजूड वाटायचा. किडकिडीत होता, हनुवटीला खळी होती. परत निघताना त्याची बायको, गौहरवहिनी, दाराआड येऊन उभी राहिली.

"रंगूभाई तुमीच ना?" ती म्हणाली. "त्येंनी पयल्यांदा तुमालाच हाक मारली. मी म्हनलं गाडी जुपते, रस्त्यानं ट्रक मिळंल. तर म्हनले, नको. लाइन जिती हाय, कुनीतरी थांब म्हनलंय. आता बोलत्याल... हात टेबलावरनं काढला न्हाई शेवटपातूर. डोळं मिटाया लागले तरी म्हनायचे, थांब म्हनलंय."

माझा हात त्यानं ओळखला नसेल, हे काही मला पटेना.

"कोन हुतं ते, भाऊ? तुमाला ठावं आसंल."

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "मला न्हाई ठाऊक."

सहादेवनं माझ्याकडं पाहिलं. पुढल्या महिन्यात त्यानं बदली मागून घेतली. बाहेर येऊन मी विहिरीवर हात धुतले. दोनदा धुतले.

मुसळदऱ्याचं ऑफिस बंद झालं. आप्पासाहेबांच्या पुढची तार लाइनमननं काढून गुंडाळून आणली, त्या कोपऱ्यात भेंडोळं आहे ते तेच. सत्तारची की त्या कपाटात, लाखेचं सील करून.

आणि पुढच्या गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी हाक आली. टी एल, टी एल, टी एल... तसाच लांबलेला हात. मी उठून दार लावून घेतलं. आप्पासाहेबांना विचारलं, तुमच्याकडं काही वाजलं? ते म्हणाले, लाइन अगदी गप्प आहे. इथं मात्र डबा थरथरत होता. थांबेचना. शेवटी मी काय करावं? माझा हात कीवर गेला आणि मी 'थांब' म्हटलं.

तो थांबला. शहाण्यासारखा. पुढच्या गुरुवारपर्यंत.

दहा महिने असं चाललंय. 'बोल' एवढंच तर म्हणायचं होतं. कड-कट्ट-कड. पण तो काय बोलेल, याची मला भीती वाटायची. दर गुरुवारी मी त्याला पुन्हा त्या टेबलाशी बसवून ठेवत होतो, हे मला कळत होतं. तरी म्हणत होतो.

बदलीचा कागद आला तेव्हा मन घट्ट केलं. गेल्या गुरुवारी हाक आली आणि मी म्हटलं, बोल.

बाहेर एस.टी. गेली, तिची धूळ आत आली. मग डबा वाजला. कट्ट-कड-कट्ट-कट्ट-कट्ट. थांब.

तेवढंच. पण तो हात सत्तारचा नव्हता. स्वच्छ, झटपट, शेवटचा कट्ट घाईचा. माझा हात होता तो, आणि मी कीपासून चार पावलं लांब उभा होतो. त्यानं नक्कल केली म्हणावी, तर ती त्याची चेष्टाच झाली, आणि नुसती चेष्टा असती तर मला सुटल्याचं रडू आलं असतं. पण नक्कल नसेल तर...

म्हणून मी आज मुसळदऱ्याला निघालोय. गौहरवहिनींच्या दारात उभं राहून सांगायचंय की तो 'थांब' माझा होता. त्यांनी काही म्हणोत. ते सांगितल्याशिवाय मला भाकर गोड लागायची नाही.

आज गुरुवार आहे. घड्याळ बघा, पावणेचार होत आले. आज हाक आली नाही, तुम्ही साक्षीला आहात. मला वाटतं, मी निघालो हे त्याला कळलं असावं. आणा तो रिपोर्ट, सही करतो. गाडीचा हॉर्न ऐकू येतोय.

...श्रीमंतराव, तुम्ही पेन्सिल का उचललीत?

तुम्हालाही ऐकू आलं, म्हणजे. आप्पासाहेबांना कधी आलं नाही. काय वाजलं ते सांगू नका, ते मला कळलं, पाच ठोके होते, 'थांब'चे. तुम्ही तारेच्या कागदावर लिहून घेतलंयत तेही दिसतंय. माझे दोन्ही हात हे बघा, टेबलावर आहेत.

मला फक्त एवढं सांगा. तुमचे कान चांगले आहेत आणि माझा हात तुम्ही मघाशीच ऐकलाय. शेवटचा कट्ट घाईचा होता का?