काढलेलं दार

हे घडलेलं आहे. ऐकीव नाही, रचलेलं नाही. ज्यांना चेष्टा करायची आहे त्यांनी इथेच थांबावं. ज्या घरात हे घडलं तिथे आमची वहिनी आजही राहते, आणि चेष्टा सोसायचं त्राण तिच्यात उरलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या दुकानात रेडिओ चालू... आणि आत ते.

घर गल्लीच्या टोकाला. जुनं, दगडी. दर्शनी भिंतीवर 'संरक्षित वास्तू' अशी पितळी पाटी. दादाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, त्या पाटीचं भारी कौतुक. घर घेतलं त्या दिवशी रुमालाने पुसून पुसून तिचे फोटो काढले पठ्ठ्याने. पाटीचा अर्थ मात्र व्यवहार झाल्यावर कळला.

रंग बदलायचा, परवानगी. कौलं बदलायची, परवानगी. भिंतीत खिळा ठोकायचा, तरी आधी अर्ज.

वारसा कार्यालयातून एक तपासनीस बाई आल्या. हातात मोजपट्टी, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

दादा वैतागला. "मॅडम, घर आम्ही घेतलंय की तुम्ही?"

"घर तुमचं. दारं-खिडक्या आमच्या."

मग त्या मधल्या दारापाशी थांबल्या. पुढच्या आणि मागच्या खोलीमधलं ते एकच दार. अरुंद, जाडजूड, लोखंडी कडीचं.

"बाकीचं समिती बघेल. या दाराला हात लावायचा नाही."

"का?"

"मी काय म्हणाले ते कळलं ना? मग झालं."

नेमकी अडचण त्याच दाराची होती. दादाची आई, आमची काकू, चाकाच्या खुर्चीत असायची. तिचे पाय कामातून गेले होते. न्हाणीघर मागच्या खोलीत, आणि खुर्ची काही त्या दारातून जाईना. रोज दोघांनी तिला उचलून न्यायचं. रोज कुणाची तरी बोटं सोलवटायची आणि रोज भांडण व्हायचं.

"मला काय शोभेची वस्तू म्हणून आणलंय?" काकू म्हणायची.

"ते दार मी केलंय का?" वहिनी म्हणायची. लग्न झाल्यापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं नातं.

दार रुंद करायचा अर्ज दिला. समिती बसायची होती. मग समितीतलं कुणीतरी रजेवर गेलं. मग नकाशाची प्रत पुसट निघाली. एक दिवस काकू त्या दारात अडकली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. त्या दिवशी दादाने ठरवलं.

"शनिवार-रविवार कार्यालय बंद असतं. तेवढ्यात उरकून टाकू. परवानगी काय, नंतरही काढता येते. सगळे असंच करतात."

"करा एकदाचं," वहिनी म्हणाली.

सुताराने दार उतरवलं, चौकट कापून रुंद केली. दार ठेवायचं कुठे? पुरावाच नको, म्हणून दादाने तिथल्या तिथे त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि स्वयंपाकघरात मांडणी करून घेतली. लाकूड उत्तम होतं. वहिनीने त्यावर ताटल्या लावल्या, डबे लावले.

रविवारी दुपारी काकूची खुर्ची सरळ आत गेली. कुठेही न अडकता. काकू चक्क हसली.

आणि तेवढ्यात...

कडी लागल्याचा आवाज आला.

तिघांनीही ऐकला. दार नव्हतं. कडी दादाच्या खिशात होती.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. मागच्या खोलीत नळ सोडला की पुढच्या खोलीतून पाणी पडताना दिसायचं... पण आवाज यायचा नाही. मागची खिडकी उघडली की वारा मध्येच कुठेतरी अडायचा. पुढचा पडदा हलायचा नाही.

"सूनबाई, सारखं दार का लावतेस?" काकू एकदा म्हणाली. "कोंडल्यासारखं होतं मला."

"आई, दार आहे कुठे लावायला?"

"मग मला समोर लाकूड का दिसतं?"

वहिनीला वाटलं, म्हातारी मुद्दाम छळतेय. ती तडकली. "दार होतं तेव्हा दार नको होतं. आता नाही तर हे. बसा आतच."

आणि ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. दादा कामावर गेला होता. घरात दोघीच.

ती ताटल्या पुसून मांडणीत लावत होती. अचानक ताटल्या थरथरल्या.

ठक... ठक... ठक.

तिने फळीवर तळहात ठेवला. पलीकडून कुणीतरी थेट तिच्या तळहातावर ठोठावत होतं. पलीकडे नुसती भिंत होती.

मग लाकडातून आवाज आला. बारीक, कोंडलेला.

"सूनबाई... दार उघड."

वहिनी धावत गेली. समोर रुंद, मोकळी चौकट. आत ऊन. पलंग, बंद खिडकी, खिडकीला गज. खुर्ची जागच्या जागी.

खुर्चीत कुणी नव्हतं.

मांडीवरची शाल सीटवर पडली होती. अजून ऊबदार होती. जिला उभं राहता येत नव्हतं ती बाई त्या खोलीत नव्हती, आणि बाहेर यायची वाट एकच, जिच्यात वहिनी स्वतः उभी होती.

मागे स्वयंपाकघरात ताटल्या पुन्हा वाजायला लागल्या.

पोलीस आले. त्यांच्यासमोर मांडणी गप्प. सासू-सुनेची भांडणं किती चालायची ते शेजाऱ्यांनी न विचारता सांगितलं. त्या दिवसापासून गल्लीत वहिनीशी कुणी धड बोलत नाही. दादासुद्धा तिच्याकडे बघायचा तो संशयानेच बघायचा. शेवटी त्याने स्वतः फळीवर कान ठेवला. त्या दिवसानंतर तो भावाकडे राहायला गेला, तो गेलाच.

वहिनीनेच तपासनीस बाईंना बोलावलं. त्या आल्या. चौकटीपाशी थांबल्या. उंबरठा त्यांनी ओलांडला नाही.

"दार कुठे आहे?"

वहिनीने मांडणीकडे बोट केलं.

बाई खाली बसल्या. "आधीच्या मालकांनीही काढलं होतं. त्यांचा भाऊ असाच गेला. पण दार माळ्यावर अख्खं होतं. पुन्हा बसवलं, उघडलं. सापडला तो." त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही तर कापून ठेवलंत."

"आधी का नाही सांगितलंत?"

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर हसला असतात."

"मग आता नवीन दार करते. आजच्या आज."

"करा. पण तुमच्या सासूबाई नव्या दारामागे नाहीत, याच्यामागे आहेत."

मग फळ्या जोडायच्या ठरल्या. पण संरक्षित वास्तूचं दार. जोडायला परवानगी, बसवायला परवानगी. समिती बसायची होती. जोडायची तेवढी आधी मिळाली, सुताराने फळ्या जोडल्या. करवतीने खाल्लेलं लाकूड काही परत आलं नाही, सांध्यांतून उजेड दिसतो. ते दार तेव्हापासून पुढच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. वहिनी रोज दुपारी त्याच्यापाशी बसते. आतून काकू ठोठावते, दार उघड म्हणते. वहिनी तिला सांगते, आई, मी इथेच आहे, परवानगी आली की उघडते. कधी नव्हे ते दोघी भांडण न करता बोलतात.

बसवायची परवानगी काल आली. बाईंनी स्वतः आणून दिली. शनिवारी दार बसवायचं आहे, कडी वहिनीने काढायची आहे.

आज दुपारी वहिनी ते सांगायला दारापाशी बसली. तिने सांगितलं.

मग काकूचा आवाज आला. दारापासून नाही, खूप आतून.

"सूनबाई... उघडू नकोस."

वहिनीने मला फोन केला तो तेव्हाच. काय करू, म्हणून विचारत होती.

ती बोलत होती आणि मला फोनवरूनही ऐकू येत होतं. काकू खूप आत होती. ठोठावणं मात्र चालूच होतं... अगदी दाराला लागून.