गरुडाच्या घरट्याखालच्या पट्ट्या

"कॅमेरे तयार ठेवा! गरुड निघाला बरं का!" तोर्लाइफकाका माइकवरून ओरडला आणि त्याने मासा दूर भिरकावला. समुद्रगरुड कड्यावरून झेपावला आणि त्याने पाण्यातून मासा अलगद उचलला. बोटीवरच्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

रान्वाईने नाही पिटल्या. थंडीत आजोबा गेले, त्यांची बोट काकाकडे आली, आणि तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. फियॉर्डच्या चिंचोळ्या खाडीचे उंच कडे, खडकावर लोळणारे सील, सगळं नुसतं डोळ्यांसमोरून सरकायचं. ती सुट्टीभर कठड्याला टेकून बघत बसायची.

"मासा घरट्यात नेला नाही," ती म्हणाली.

"स्वतःच खाल्ला असेल, हावरट!" चुलतभाऊ आयविन हसला.

"पिल्लू असताना? कालही नेला नाही."

शेजारी राहणाऱ्या सुन्निवाने दुर्बीण डोळ्यांना लावली. "अरे, घरट्याजवळ जातो आणि दचकून मागे फिरतो! पिल्लू मान टाकून पडलंय रे!"

कड्यावरच्या घरट्याच्या बरोबर खाली एक बेट होतं. पाहुण्यांना फोटो काढता यावेत म्हणून काकाने यंदा तिथे मासे वाळवायची लाकडी मांडणी उभारली होती, आणि समुद्रपक्ष्यांनी मासे पळवू नयेत म्हणून तिला चंदेरी पट्ट्या बांधल्या होत्या. वारा आला की त्या लखलख करायच्या.

"काका, गरुड त्या पट्ट्यांना भितोय!" रान्वाई म्हणाली.

"गरुड? आणि पट्टीला? जा, पाहुण्यांना वॉफल वाढा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लगेच सुन्निवाने पोट धरलं. "आई गं! बोट लागली! उतरवा मला, नाहीतर इथेच ओकते!"

"कोळ्याची पोर ना तू?" काका खेकसला. पण ती एका पाहुणीच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवर वाकली होती! काकाने निमूटपणे बोट बेटाला लावली.

सुन्निवा खडकावर कण्हत बसली आणि दोघं मांडणीकडे धावली. वाटेत गुडघाभर पाणी होतं. आयविन गारठ्याने किंचाळला. रान्वाईला काही जाणवलंच नाही. त्यांनी पट्ट्या ओरबाडून जाकिटात कोंबल्या आणि तिघं बोटीवर परतली.

"अरे कार्ट्यांनो!" बोट मागे घेताना काकाला पट्ट्यांविना मांडणी दिसली. तो आणखी काही बोलणार, तोच रान्वाईने मासा फेकला.

गरुडाने तो उचलला, एक घिरटी घातली आणि थेट घरट्यात उतरला! पिल्लाने मान वर केली.

काकाचे कान लाल झाले. त्याने माइक तोंडाशी धरला. "मंडळी, चूक माझी होती. पोरं माझ्याहून शहाणी निघाली. शाबास रे! रान्वाई, आजोबा असते ना, तर आज..."

"पण ते नाहीयेत, काका," रान्वाई म्हणाली.

"नाहीयेत गं," काका म्हणाला. माइक चालूच होता.

आणि रान्वाई काकाच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागली.