मागच्या खोलीची जोडणी

मामाचा फोन आला तेव्हा भाची एका आजोबांच्या कानातल्या यंत्राचा आवाज जुळवत बसली होती. कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून देणं हाच तिचा व्यवसाय होता. दिवसभर लोकांचे कान तपासून तिचे स्वतःचे कान असे तयार झाले होते, की डोळे मिटून खोलीत शिरली तरी ती खोली भरलेली आहे की रिकामी, पडदे जाड आहेत की पातळ, हे ती सांगू शकायची. घरचे तिला चेष्टेने 'सशाचे कान' म्हणायचे.

मामाचं गाऱ्हाणं मावशीबद्दल होतं. मावशी म्हणजे मामाची धाकटी बहीण. सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलेली, लग्न न केलेली, आणि आता निवृत्तीनंतर एकटीच राहणारी बाई. तिचा टीव्हीचा रेकॉर्डर बिघडला होता. वायफाय सारखं तुटायचं, म्हणून तिने मामाला फोन केला. इथवर ठीक होतं. पण मग ती म्हणाली, की मी बघायच्या आधीच माझी मालिका कोणीतरी शेवटपर्यंत पाहून ठेवतं.

"आता तूच सांग, हे काय लक्षण आहे?" मामा म्हणाला. त्याने एक वृद्धाश्रम बघूनही ठेवला होता. खोल्या हवेशीर आहेत, डॉक्टर हाताशी आहे, बाहेर बाग आहे, असं बरंच काही तो सांगत राहिला. उद्या ती गॅस चालू ठेवून झोपली तर आपण कोणाला तोंड दाखवणार, असा त्याचा प्रश्न होता, आणि तो खोटाही नव्हता.

भाचीने त्याला थोडं थांबायला सांगितलं. तिच्या आईच्या आजारपणात याच मावशीने तिला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, पाढे पाठ करून घेतले होते. अशा बाईला रेकॉर्डरपायी घराबाहेर काढायचं हे काही तिच्या पचनी पडेना. मी आधी जाऊन बघते, ती म्हणाली.

"बघ. पण तिच्या सुरात सूर मिळवू नकोस," मामाने बजावलं.

शनिवारी दुपारी ती गेली. मावशीचं घर बैठ्या घरांच्या रांगेत अगदी टोकाला होतं. पुढे बैठकीची खोली, तिच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि आत झोपायची खोली. बस्स. झोपायच्या खोलीची मागची भिंत म्हणजे घराचा शेवट. त्यापलीकडे फरशीची अरुंद पट्टी आणि मग मोकळं मैदान. घर नेहमीसारखंच लख्ख होतं. टॉवेलांच्या घड्या इतक्या काटेकोर, की त्यांच्या कडांनी बोट कापावं. मावशीने दार उघडलं, भाचीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "दादाने पाठवलं ना? मला वेड लागलंय का ते बघायला?"

"रेकॉर्डर बघायला आले गं."

"एकच ते. बस. चहा टाकते."

चहा पिता पिता भाचीने मावशीलाही नजरेखालून घातलं. हात थरथरत नव्हता, बोलणं खणखणीत होतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांना तिने एका दमात झोडपलं. डोळ्यांखाली मात्र काळं आलं होतं. आणि एक गोष्ट भाचीला खटकली. मावशी सारखी भिंतीकडे पाठ करून बसत होती. झोपायच्या खोलीचं दार आपल्या समोर राहील, अशी.

मग तिने काम सुरू केलं. राउटर झोपायच्या खोलीच्या दाराशी फळीवर होता. तो बंद करून पुन्हा चालू केला. रेकॉर्डर टीव्हीखालच्या पत्र्याच्या कपाटात कोंबलेला होता. पत्र्याने लहरी अडतात, म्हणून तो बाहेर काढून वर ठेवला. मावशी दिमतीला उभी होती. मागितलेली वस्तू हातावर अशी ठेवत होती, जणू समोर पोट उघडून ठेवलेला रोगी आहे. जोडणी झाली. सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. तरी वेग काही सुधारेना. नळाला भरपूर पाणी असावं आणि आपल्या बादलीत धार मात्र करंगळीएवढी पडावी, तसं ते होतं. कुठेतरी दुसरं कोणी पाणी ओढत होतं.

तिने रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये शिरून घरात काय काय जोडलंय ते पाहिलं. मावशीचा फोन होता. बैठकीतला टीव्ही होता. आणि त्याखाली तिसरं नाव होतं. मागची खोली.

त्या रेकॉर्डरमध्ये साठवलेले कार्यक्रम घरातल्या दुसऱ्या टीव्हीवरही वायफायने बघता येत. मावशीकडे दुसरा टीव्ही नव्हता. मागची खोलीही नव्हती. पण त्या नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि लिहिलं होतं : पाहणे चालू आहे.

भाचीने आनंदाने मांडीवर थाप मारली. सगळा उलगडा झाला. कोणा शेजाऱ्याला पासवर्ड कळलाय आणि तो मावशीच्या जिवावर मालिका बघतोय! पासवर्ड काय आहे विचारलं, तर मावशीची जन्मतारीख. भाची तिला रागावली. नवा पासवर्ड सांग, म्हणाली. मावशीने क्षणभर विचार केला आणि आपल्या जुन्या मेट्रनबाईंचं टोपणनाव सांगितलं. अख्खं इस्पितळ त्या बाईंना 'वाघीण' म्हणायचं. मावशीने एकेक अक्षर मोठ्याने उच्चारलं, भाचीने ते टाइप केलं. हिरवा ठिपका विझला. मागची खोली नाहीशी झाली.

तिने तिथूनच मामाला फोन लावला. मावशीचं डोकं शाबूत आहे, चोर शेजारी आहे, असं ठणकावून सांगितलं. मामा जरा हिरमुसलाच. मावशी त्या दुपारी पहिल्यांदा हसली. त्या आनंदात दोघींनी मालिका लावली.

शीर्षकगीत अर्ध्यावर आलं आणि चित्र गोठलं. आवाज बंद पडला.

गाणं मात्र थांबलं नाही.

ते झोपायच्या खोलीच्या दिशेने येत होतं, दबलेलं, उशीखालून यावं तसं. भाची उठली. मावशीने तिचं मनगट धरलं, मग सोडून दिलं. आत गेल्यावर भाचीने मागच्या भिंतीला कान लावला. गाणं भिंतीत होतं. टीव्हीवर ज्या ओळीला ते अडलं होतं, तिच्या एक ओळ पुढे.

ती धावत घराला वळसा घालून मागे गेली. तिथे टळटळीत ऊन होतं. फरशीवर वाळका पाला, उलटी घातलेली बादली, पलीकडे मोकळं मैदान. माणूस नाही, वायर नाही, काही नाही. तिने बाहेरून त्याच भिंतीला कान लावला. तापलेल्या विटांशिवाय काहीच लागलं नाही. आतून ऐकू येत होतं, बाहेरून नाही. आणि आतबाहेरच्या मध्ये भिंत होती जेमतेम वीतभर जाडीची.

परत येऊन तिने टीव्हीवर जोडण्यांची यादी उघडली. मागची खोली पुन्हा हजर होती. ठिपका हिरवा.

"आपण पासवर्ड मोठ्याने बोललो," मावशी हळूच म्हणाली.

भाचीने वळून भिंतीकडे पाहिलं. पण तीही हट्टी. तिने फोनवर राउटरचं सेटिंग उघडलं आणि ओठही न हलवता नवा पासवर्ड घातला. मनात आले ते आकडे, मनात आली ती अक्षरं. मावशीलाही दाखवला नाही. ठिपका विझला. भिंतीतलं गाणं तुटलं.

थोड्या वेळाने पडद्यावर एक चौकट उमटली. 'मागची खोली' जोडणीची परवानगी मागत आहे. हो. नाही.

तिने नाही दाबलं.

चौकट गेली आणि परत आली. तिने परत नाही दाबलं. ती पुन्हा आली. यात घाई नव्हती, राग नव्हता. दार वाजवणाऱ्याला आत माणूस आहे हे पक्कं ठाऊक असावं, तसं चाललं होतं ते. मग चौकट यायचीच थांबली.

घर शांत झालं. भाचीने नेहमीच्या सवयीने कान दिले. फ्रिजची घरघर... पंख्याची कुरकुर... मावशीचा श्वास... आणि मग तिला जाणवलं की हे सगळे आवाज बोथट होताहेत. हळू नाही, बोथट. रिकाम्या सभागृहात एकेक करून माणसं येऊन बसू लागली की आवाजाचा घुमारा जसा मरत जातो... तसा या खोलीतला घुमारा मरत होता. खोलीत ऊन होतं. खोलीत त्या दोघीच होत्या. आणि खोली भरत चालली होती. ओल्या चुन्यासारखा वास येऊ लागला. तिने तोंड उघडलं, पण तिचा स्वतःचा आवाज ओठांपाशीच शोषला गेला... कोणीतरी अगदी समोर, अगदी जवळ उभं असल्यासारखा.

मावशीने शांतपणे तिच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देऊन टाकली. हो.

हिरवा ठिपका लागला. भिंतीत गाणं सुरू झालं. फ्रिजची घरघर एकदम स्वच्छ ऐकू आली.

"मावशी... हे तुला आधीपासून..."

"मागे मी रागाने राउटरच बंद करून ठेवला होता," मावशी म्हणाली. तिचा आवाज इस्पितळातल्या नर्सचा झाला होता, नातेवाइकांना बाहेर नेऊन सांगतात तसा. "टीव्ही मिळाला की ते टीव्ही बघतं. नाही मिळाला... की मला बघतं."

"मग मामाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? त्याने त्याच दिवशी गाडी मागवली असती. रेकॉर्डर बिघडलाय आणि कोणीतरी माझी मालिका बघतं, इतकंच म्हणाले. कोणीतरी येईल, माझ्याबरोबर बसेल, एवढंच हवं होतं मला."

भाची तडक उठली. तिने मावशीची बॅग काढली. मालिका संपायच्या आत कपडे, औषधं, चष्मे भरून झाले. झोपायच्या खोलीत जाताना दोघी एकमेकींचा हात धरून गेल्या, एकीने कपाट उघडलं, दुसरीने कपडे काढले. निघताना मावशीने रेकॉर्डरमधले साठवलेले सगळे भाग ओळीने लावून दिले, टीव्ही चालू ठेवला, आणि दार ओढून घेतलं. घर सोडताना बायका मागे वळून बघतात. तिने बघितलं नाही.

मामाला भाचीने एवढंच सांगितलं, की मावशी ठणठणीत आहे, आता माझ्याकडेच राहील. आणि त्या घराची वीज तोडू नकोस, रेकॉर्डरला हात लावू नकोस. का, ते मात्र तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मामाने एकीच्या जागी दोघींची सोय बघितली असती.

मावशी भाचीच्या घरी रुळली. झोप येऊ लागली, डोळ्यांखालचं काळं उतरलं, भाचीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायलाही तिने सुरुवात केली. भाची मनात म्हणाली, सुटलो.

पण मामा तो मामाच. रिकामं घर आणि चालू वीज त्याच्या डोळ्यांत सलत होती. एक दिवस भर दुपारी त्याचा फोन आला. घर भाड्याने द्यायचं ठरवलंय, रंगारी घेऊन आलोय, म्हणाला. भाचीने फोन स्पीकरवर टाकला. मावशी जेवता जेवता थांबली.

मामा मजेत होता. झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर एक तेलकट डाग पडलाय, तो म्हणाला. कोणी रोज डोकं टेकून बसलं की पडतो ना, तसा. पण छताला लागून. रंगाऱ्याने शिडी लावून हात फिरवला, तर म्हणाला, डाग कोमट आहे. पलीकडून ऊन लागत असेल, दुसरं काय?

"दादा," मावशीने विचारलं, "टीव्ही चालू आहे ना रे?"

"टीव्ही आणि तो रेकॉर्डर मी परवाच देऊन टाकले एका ओळखीच्याला. उगाच धूळ खात..."

"बाहेर ये. रंगाऱ्यालाही घेऊन ये. बोलत ये माझ्याशी, थांबू नकोस."

तिच्या आवाजात असं काही होतं की मामाने वाद घातला नाही. तो बोलत राहिला. दार लागल्याचं ऐकू आलं, मग कुलपाची किल्ली फिरल्याचं. आलो बाबा रस्त्यावर, तो म्हणाला. ऊन मी म्हणतंय. रंगारी गेला सायकलवर. आता सांग, कशाला एवढी घाबरलीस?

मावशीने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

भाचीने मात्र फोन स्पीकरवरून काढून कानाशी घट्ट धरला होता. मामा रस्त्यावर उभा होता. एक गाडी भोंगा वाजवत गेली, तीही ऐकू आली. पण मोकळ्यावर माणूस बोलला की आवाज चारी बाजूंना विरून जातो. मामाचा आवाज विरत नव्हता. तो समोरच कशाला तरी अडत होता. भरलेल्या, बंद खोलीत कोणी बोलावं तसा... अगदी जवळ, जड, आणि घुमाऱ्याशिवाय.

"हॅलो?" मामा म्हणाला. "ऐकतेस ना?"