पेडल दाबणारा

आमच्या कूटनीच्या डोंगराळ भागात मोठा घाट उतरण्याआधी प्रत्येक ट्रकने माथ्यावर थांबून ब्रेक तपासायचा असतो. खाली शिरून, चाकाजवळच्या ब्रेकच्या दांड्यावर खडूने खूण करून तो किती बाहेर येतो ते मोजायचं. दोन इंचांच्या आत हवा. पण त्यासाठी वर बसून पेडल दाबायला कुणीतरी लागतं. एकटे लोक पेडलवर काठी अडकवतात. शेजारी दुसरा ट्रक असला तर त्याचा ड्रायव्हर आपणहून चढतो, "दाबलाय" म्हणून ओरडतो आणि काम झालं की निघून जातो. नावगाव कोणी विचारत नाही.

घाटाच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. तीस वर्षं मी हेच ब्रेक दुरुस्त करतोय. त्या मंगळवारी दुपारी मात्र मी गॅरेज उघडं टाकून, जीव मुठीत धरून पिकअप हाकत होतो. माझी मुलगी कोरिन ओंडके भरून पुढे गेली होती, आणि तिच्या ट्रेलरचे मागचे दोन ब्रेक मी सकाळी पान्याने आवळले होते.

हे ब्रेक स्वतःच आवळले जातात. ते सैल पडले म्हणजे आतला भाग झिजला, तो बदलायचा. नुसता पाना फिरवला तर तासभर सगळं नीट दिसतं, मग पुन्हा सैल. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण नवा भाग दुसऱ्या दिवशी येणार होता आणि कोरिनला घाई होती. नऊ वर्षांपूर्वी माझा मित्र वेंडेल, त्यालाही अशीच घाई होती. "नवेकोरे झालेत, जा बिनधास्त," असं मी नुसता पाना फिरवून त्याला म्हणालो होतो. तो खाली पोहोचलाच नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर दुसऱ्याच्या मरणानेही गेली नव्हती.

माथ्यावर धुकं होतं, ओलं बर्फ पडत होतं. कोरिनचा ट्रक एकटाच उभा होता. ती हातमोज्यांवरचा खडू झटकत होती. मला रडूच आलं.

"बाबा? तू इथे? गॅरेज काय देवावर सोडलंस?"

"ब्रेक मोजलेस?"

"मोजले की. सगळे दीड इंच. उगाच म्हातारा होत चाललायस तू."

"पेडल कोणी दाबलं?"

"आहेत एक आजोबा, धुक्यात चेहरा नाही दिसला. वरच बसलेत, गुणगुणतायत."

मी आजूबाजूला पाहिलं. ताज्या बर्फात फक्त तिच्या आणि माझ्या गाडीच्या चाकांचे ठसे होते.

मी ट्रेलरखाली शिरलो, दांड्यावर खडूची खूण केली आणि ओरडलो, "दाबा."

"दाबलाय रे, रोली."

मला रोली म्हणणारा एकच माणूस होता.

दांडा सरकला. दीड इंच. झिजलेला ब्रेक, तासाभराच्या चढानंतर, आणि दीड इंच. नऊ वर्षांपूर्वी मी त्याला जे खोटं सांगितलं, तेच तो आता माझ्या पोरीला सांगत होता.

मी धडपडत बाहेर आलो, केबिनमध्ये चढलो. आत कोणी नव्हतं. मी सीटवर बसून स्वतःच्या पायाने पेडल दाबलं आणि कोरिनला मोजायला सांगितलं.

ती दोनदा मोजून बाहेर आली.

"बाबा, सव्वादोनच्या वर आहे. दुसराही तसाच. आत्ता तर नीट होते."

मग मी तिला सगळं सांगितलं. पान्याचं सांगितलं, वेंडेलचंही सांगितलं. खिडकीतून, तिच्याकडे न बघता.

"वेंडेलकाका?" ती म्हणाली. "आणि तरी मला पाठवलंस?"

तिने खडू बर्फात टाकला आणि पिकअपमधल्या रेडिओवरून मदत मागवायला गेली. ही गाडी आता जागची हलणार नव्हती. पोरगी वाचली होती. आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल, असं मनात आलं.

मी उतरायला निघालो. पाय पेडलवरून उचलणार, तेवढ्यात ट्रेलरखाली खडू घासल्याचा आवाज आला.

समोरच्या काचेतून कोरिन दिसत होती. पिकअपला टेकून, माझ्याकडे पाठ करून ती रेडिओवर बोलत होती.

"सोडू नकोस, रोली," खालून आवाज आला. "अजून मोजतोय."