सहावा मैल

गाडी शेडमध्ये आली की मिस्त्री आधी तिचं मीटर बघायचा आणि तो आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे सगळेच ही पद्धत पाळतात. गाडी सहा-सहा महिने खोलून पडते, आणि मालक न्यायला आला की त्याला हमखास शंका येते, आपल्या गाडीतून हा गावभर हिंडला असणार. तेव्हा मुकाट्याने भिंतीकडे बोट दाखवायचं. चाळीस वर्षांत मिस्त्रीच्या शब्दावर कुणी संशय घेतला नव्हता.

मागच्या भिंतीवर एक आकडा त्याच्या स्वतःच्या गाडीचा होता. एकसष्ट हजार तीनशे अठ्ठेचाळीस.

गाडी हिरवी, गोल दिव्यांची, वयाने मिस्त्रीपेक्षा वर्षभराने मोठी. तिचं मीटर मैल मोजायचं. भंगारातून ओढून आणली तेव्हा बॉनेटखाली कोंबडीने अंडी घातलेली निघाली. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "सवत आणलीत ती आणलीत, वर तिची पोरंबाळंही घेऊन आलात?"

त्या सवतीला पुन्हा उभं करण्यात मिस्त्रीची सहा वर्षं गेली. रविवार गेले, सुट्ट्या गेल्या. बायको दुपारी चहा घेऊन शेडमध्ये यायची, मागच्या सीटवर टेकायची आणि घरातल्या गोष्टी सांगायची. मिस्त्री गाडीखालून हुंकार द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती चहा न घेता आली. मानेवरचा घाम पुसत म्हणाली, "अहो, छातीत दडपल्यासारखं होतंय. दाखवून येऊ या का?"

इंजिनाचं डोकं तेवढं बसवायचं राहिलं होतं. गॅस्केटला सोल्युशन लावून झालं होतं. ते एकदा लावलं की दहा मिनिटांत वरचं डोकं आवळावं लागतं. नाहीतर सुकतं आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं.

"दहा मिनिटं थांब," मिस्त्री म्हणाला. "एवढं आवळलं की गाडी चालू. हिच्यातूनच नेतो तुला."

"म्हणजे सवतीच्या मांडीवर बसून जायचं," ती हसून म्हणाली आणि मागचं दार उघडून आत बसली.

मिस्त्रीने बोल्ट पद्धतशीर आवळले. मधून बाहेर, क्रमाने, एकेक फेरी. हात पुसले. "चल, झालं," असं म्हणत वळला, तेव्हा ती खिडकीला डोकं टेकवून बसली होती आणि तिने ओ दिली नाही.

कोपऱ्यावरचा डॉक्टर धावत आला. नाडी बघून म्हणाला, "वेळेवर हॉस्पिटलात पोहोचल्या असत्या तर..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. मिस्त्री ते दोन वर्षं रोज पुरं करत होता. हॉस्पिटल शेडपासून सहा मैलांवर होतं.

ते इंजिन पुढे कधी चालू झालंच नाही. मिस्त्रीने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली, गिअरबॉक्स खाली उतरवला. मीटर फिरवणारी केबलही काढून, गुंडाळून खिळ्याला अडकवली. वर ताडपत्री टाकली आणि दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत राहिला.

शेवटी लेकीने हट्ट धरला. "बाबा, पुरे झालं आता. त्या शेडमध्ये एकटे बसून तुम्ही स्वतःलाच खाताय. गाडी विका आणि माझ्याकडे या." गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. जुन्या गाड्या जमवणारा मोठा शौकीन माणूस. त्याच्याकडे चाळीस गाड्या होत्या. गाडी आहे तशी न्यायला तो तयार होता. बाकीचं काम त्याची माणसं करणार होती. त्याची अट एकच. मीटर शून्य करून हवं होतं.

"माझ्याकडच्या सगळ्या गाड्या शून्यावर उभ्या आहेत," तो फोनवर म्हणाला. "नव्या जन्मासारखं वाटतं."

मिस्त्रीने होकार दिला. त्याचा जुना दोस्त मीटरवाला पुढच्या रविवारी येऊन आकडे फिरवेल असं ठरलं, त्याच दिवशी ट्रेलर गाडी नेणार होता.

नऊ दिवस हातात होते. मिस्त्रीने शुक्रवारी सकाळी ताडपत्री काढली, पिवळं फडकं ओलं करून काच पुसली आणि सवयीने मीटर बघितलं.

तीनशे एकोणपन्नास.

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर अठ्ठेचाळीस होते. खडू त्याचा, अक्षर त्याचं. आपल्याच लिहिण्यात चूक झाली असेल, असं म्हणून त्याने खाली एकोणपन्नास लिहिले.

शनिवारी पन्नास झाले.

आता मात्र मिस्त्री खाली वाकला. केबल खिळ्यालाच होती, वेटोळ्यावर धूळ होती. मीटरच्या मागचं भोक रिकामं होतं. त्यात बोट घालून पाहिलं. फिरायला काही नव्हतंच. त्याने शेडला दुसरं कुलूप लावलं.

रविवारी मीटरवाला सहज डोकावला. मिस्त्रीने त्याला सगळं दाखवलं. मीटरवाल्याने चष्मा वर केला, खाली केला.

"मिस्त्री, तुझी गाडी जागेवर उभी राहून पळते. माझी पळता पळता उभी राहते. अदलाबदल करतोस का?"

"थट्टा नको रे."

"मग काय करू? एवढी वर्षं मीटर खोलतोय. मागून कुणीतरी फिरवल्याशिवाय हा आकडा हलत नाही." तो हसायचा थांबला होता. "कोण फिरवतंय?"

त्या दिवशी मीटर एक्कावन्नवर होतं, आणि बॉनेटवर तांबड्या धुळीचा पातळ थर होता. मिस्त्रीने बोटाने ती धूळ उचलली, चोळली. विटांची धूळ. शेडच्या आसपास कुठे वीटभट्टी नव्हती. एकच भट्टी त्याला ठाऊक होती. हॉस्पिटलच्या रस्त्यावर, तिसऱ्या मैलाला.

तो बाजूच्या एका ठोकळ्यावर बसला. पहिला मैल पाण्याच्या टाकीपाशी संपतो. दुसरा शाळेच्या वळणावर. तिसरा भट्टीशी. चौथ्याच्या थोडं अलीकडे रेल्वेचं फाटक लागतं.

सोमवारी मीटरचं शेवटचं चाक एक आणि दोन यांच्या मध्ये अडकलेलं होतं. मंगळवारीही तिथेच. "फाटक बंद असेल," मिस्त्री मोठ्याने म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला.

बुधवारी बावन्न झाले. त्याने देवाचे आभार मानले.

गुरुवारी मागच्या खिडकीची काच आतून धुकटलेली दिसली. बाकीच्या काचा स्वच्छ होत्या. धुकं तळहाताएवढं होतं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मिस्त्री बघत राहिला. ते कमी व्हायचं, वाढायचं. कमी व्हायचं, वाढायचं. मधला वेळ लांबत चालला होता.

त्या दिवशी त्याने लेकीला फोन केला. "अगं, त्या साहेबांना सांग, चार दिवस उशिरा या."

"का? आता काय झालं?"

"आई पोहोचली नाही अजून."

लेक म्हणाली, "बाबा, मी रविवारी सकाळीच येते." तिचा आवाज रडवेला झाला होता.

शनिवारी त्रेपन्न झाले. पाचवा मैल. तिथे पूल आहे, आणि पुलावरून हॉस्पिटलची पांढरी इमारत दिसते.

रविवारी अकराला ट्रेलर आला. शौकीन साहेब स्वतः आले होते; मऊ बोलणारा, नीटनेटका माणूस. त्यांनी गाडीच्या रंगावरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाले, "मिस्त्री, असं काम आता बघायला मिळत नाही." मग मीटरवाल्याकडे वळले. "करा शून्य. फोटो काढतो."

मिस्त्री गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"साहेब, थोडं थांबा."

"कशासाठी?"

"पेशंट आहे आत. अर्धा मैल राहिलाय."

लेकीने तोंडावर हात दाबून धरला. शौकीन साहेबांनी मागच्या सीटकडे पाहिलं, मग झटकन नजर काढून घेतली.

मीटरवाल्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच खिशात सारला. "साहेब, माझा स्क्रू ड्रायव्हर घरी राहिला बघा. वय झालं. चला, तोवर चहा घेऊ."

ते दोघे बाहेर गेले. लेक दारातच थांबली.

मिस्त्री दोन वर्षांत पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसला. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले.

मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.

आरशात बघायचं नाही, एवढं त्याने मनाशी ठरवलं.

"आलंच हं," तो म्हणाला. "ते बघ, आलंच."

मागून श्वास ऐकू आला. खूप थांबून, पुन्हा एक.

मीटरमध्ये टक् असा आवाज झाला. चौपन्न.

"बाबा," लेक दारातून म्हणाली, "मागचं दार कसं उघडलं?"

मिस्त्री खाली उतरला. मागचं दार सताड उघडं होतं. सीटवरची बसण्याची खळगी बघता बघता वर येत होती.

चहा घेऊन दोघे परतले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "न्या साहेब. आता करा शून्य." कसलाही निरोप न घेता, तेलकट कपड्यांनिशी तो रस्त्यावर गेला आणि रिक्षात बसला. लेक मागे धावली, पण रिक्षा निघाली होती.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होती. मिस्त्रीने बायकोचं नाव सांगितलं. दोन वर्षांत ते नाव त्याने परक्या माणसासमोर उच्चारलं नव्हतं.

बाईने वर पाहिलं, वैतागून.

"तुम्ही त्यांचे मिस्टर ना? किती वेळ लावलात हो! त्या सारख्या सांगत होत्या, मिस्टर गाडी लावून येतायत, गाडी लावून येतायत."

मिस्त्रीने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"आत्ताच आत नेलंय. तिथे बाकावर बसा, बोलावतील." तिने काउंटरखाली वाकून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. "हे तेवढं धरा. आत चालत नाही."

मिस्त्री बाकावर बसला. समोरचं दुहेरी दार बंद होतं. त्याने पिशवीत हात घातला. चपला होत्या. डावीची टाच झिजलेली, उजवीचा पट्टा त्यानेच तारेने शिवलेला.

चपला आतून अजून गरम होत्या.